दहा बोटांचे ठसे

९ फेब्रुवारी, रविवार

सिसिली ठरली! आमच्या नवरोबांचा, चारूचा, विरोध दोन तास चालला. "रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस बघू आणि परत येऊ, सगळे तेवढंच बघतात" हे त्याचं पालुपद. मी जेवणाच्या टेबलावरून नकाशा उचललाच नाही. शेवटी ताटं मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवलो.

पुण्यात नऊ वर्षं मुलींना भूगोल शिकवला. खडू न उचलता एका रेघेत इटलीचा बूट काढायचे. टाचेशी पुलिया, चवड्यापुढे सिसिली. मुली विचारायच्या, "बाई, तुम्ही गेलाय?" मी म्हणायचे, "जाईन की." त्या मुलींना आता मुली झाल्या असतील. मी चोपन्न वर्षांची, सिंगापुरात येऊन एकवीस वर्षं झाली, आणि माझं आपलं अजून "जाईन की"!

दहा मे ते एकतीस मे. आधी उत्तरेची तळी, मग लिगुरियातली समुद्रकाठची गावं, टस्कनी, उंब्रिया, रोम. आणि रोमहून ती आगगाडी — सिसिलीला जाणारी. सामुद्रधुनीपाशी गाडीचे डबे सुटे करून बोटीत चढवतात, माणसांसकट! तेवढं मला बघायचंय. बाकी काही हुकलं तरी चालेल.

डॉक्टर म्हणाले, मे महिन्यात जायला हरकत नाही. "पुढे बघू" म्हणाले नाहीत. माझ्या ते लगेच लक्षात आलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज दिवसभर भीती. कारण नाही. म्हणजे कारण आहेच, पण नवीन नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

वुडलँड्सहून मैत्रीण नीता आली होती. गेल्या वर्षी टूरबरोबर इटली करून आलीय, त्यामुळे आता त्या विषयातली शंकराचार्य. "मेतकूट ने, दशम्या ने, आणि पाकीट पोटाशी धर." मग माझे हात ओढून घेऊन उलटेसुलटे करून बघितले.

तळवे लाल झालेत. बोटांची टोकं गुळगुळीत, मधून मधून सालं निघतात. गोळ्यांनी होतं हे, सगळ्यांना होतं असं नर्स म्हणते. सकाळी तीन, संध्याकाळी तीन, चौदा दिवस. मग सात दिवस सुट्टी. मग पुन्हा चौदा. मागच्या वर्षी आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा वाटलं, सुटलो. नोव्हेंबरात यकृतावर दोन ठिपके दिसले. या गोळ्या त्या ठिपक्यांना आवरून धरतात — बरं करत नाहीत, आवरून धरतात. डॉक्टरांनी हे दोनदा सांगितलं, म्हणजे मी नीट ऐकावं म्हणून.

फोन आता माझ्या अंगठ्याने उघडत नाही. अदितीने नंबर घालून दिला. "डोन्ट वरी लाह आई, माझा पण कधीकधी होत नाही," म्हणाली, इथल्या पोरांच्या "लाह"सकट. तेवीस वर्षांची पोर मला धीर देते, आणि खोटं बोलताना अगदी बापासारखी नाक खाजवते.

२३ फेब्रुवारी, रविवार

चारू म्हणतो, पुढच्या वर्षी जाऊ का? मी भांडी घासत होते. नळ मोठा सोडला.

पुढचं वर्ष! हा माणूस बँकेत जोखमीचा हिशोब करतो. लोकांना पगार देऊन याच्याकडे पाठवतात, धोका किती ते सांग म्हणून. आणि घरात म्हणतो पुढच्या वर्षी. संध्याकाळी विचारत होता, सिसिलीतल्या हॉस्पिटलात इंग्रजी बोलतात का. मी म्हटलं, आपण देवळं आणि ज्वालामुखी बघायला चाललोय. हसला नाही.

४ मार्च, मंगळवार

व्हिसा सेंटर. अर्ज, फोटो, बुकिंगं, बँकेची पत्रं, सगळं चारूने क्रमाने लावलेलं. मग बोटांचे ठसे. त्याचे पहिल्या झटक्यात. माझे — काही नाही. काचेवर चार बोटं ठेवली, लाल दिवा. पुसून ठेवली, लाल. "आंटी, प्रेस हार्डर," काउंटरवरची मुलगी म्हणाली. दाबली. लाल. तिने ओला रुमाल दिला, मग क्रीम दिलं. मागे रांग. एक लहान मुलगा आईला विचारत होता, त्या आंटीला बोटं नाहीत का.

पंचवीस मिनिटं. एकही ठसा नाही. दहाच्या दहा बोटं हातालाच आहेत, आणि मशीन म्हणतं इथे कोणी नाही!

काउंटरवरची मुलगी चांगली होती. मी गोळ्यांचं सांगितलं. म्हणाली, कायमचं असतं तर गोष्ट वेगळी, हे तात्पुरतं आहे ना? कातडी बरी झाली की परत या, फाईल ठेवून घेते. सत्तावीस मार्चची वेळ दिली. नाहीतर डॉक्टरांचं पत्र आणा, वरती विचारून बघते.

एमआरटीच्या गाडीत, घरच्या बेडोक स्टेशनपर्यंत, मी हात मांडीखाली धरून बसले. चारू म्हणाला, "पत्राचं मी बघतो. तू त्रास करून घेऊ नकोस."

६ मार्च, गुरुवार

चारू ऑफिसातून हॉस्पिटलला जाऊन आला. डॉक्टर म्हणाले, असली पत्रं आम्ही देत नाही. झालं.

"मलेशियात कॅमेरॉन हायलँड्सला जाऊ," म्हणाला. "थंड हवा, चहाचे मळे. गाडीने जाता येतं. काही लागलं तर अर्ध्या दिवसात घरी." बायकोला इटलीऐवजी चहाचे मळे! मी रागावणार होते. पण इतक्या हळू बोलला की रागावता आलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

हिशोब केला.

शेवटची गोळी तीन तारखेला घेतली. आता सुट्टीचा आठवडा. अकराला नवी खेप सुरू. ती घेतलीच नाही, तर सत्तावीसपर्यंत चोवीस दिवस मिळतात. नव्या कातडीला तेवढे पुरतात — मागे ताप आला म्हणून एक खेप पुढे ढकलली होती, तेव्हा बोटांवर रेघा परत आल्या होत्या.

एकच खेप. डॉक्टरांना विचारलं तर नाही म्हणतील. आणि नाही ऐकल्यावर ते करण्याची हिंमत माझ्यात नाही. म्हणून विचारायचंच नाही.

मी वेडी झालेय का? ठिपके चोवीस दिवसांत काय करतील? काही नाही करणार. किंवा करतील.

१० मार्च, सोमवार

रक्त दिलं, नव्या खेपेच्या गोळ्या आणल्या. डॉक्टर समोर होते. वाटलं, पत्राचं आपणच एकदा विचारावं. तोंड उघडलं, तर चारूने मधेच स्कॅनची तारीख विचारली, मग पार्किंगचं कारण काढून उठलाच. बरं झालं. डॉक्टरांच्या डोळ्यांत बघायची माझीही तयारी नव्हती.

११ मार्च, मंगळवार

चारू रोज सकाळी माझ्या पानाशेजारी हळदीकुंकवाच्या जुन्या वाटीत गोळ्या काढून ठेवतो. मी घेतल्या की वाटी विसळतो आणि मग दाढीला जातो. आज "पोहे संपले की घेते" म्हणून त्याला आधीच दाढीला पाठवलं. मग तिन्ही गोळ्या नेऊन इटलीसाठी घेतलेल्या कोटाच्या खिशात टाकल्या. वाटी मीच विसळली.

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. त्याच्याशी इतकी मोठी लबाडी पहिल्यांदाच.

१६ मार्च, रविवार

भूक लागते! तोंडाची चव परत आलीय. हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलवर अख्खा डोसा खाल्ला. चारू बघत राहिला. "औषध मानवतंय तुला," म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले. मी चटणीत बोट बुडवून बसले.

बरं वाटतंय याचीच भीती वाटते. ठिपक्यांनाही बरं वाटत असेल.

२० मार्च, गुरुवार

करंगळीवर रेघा. खिडकीशी भिंग घेऊन बघितल्या. आहेत!

२४ मार्च, सोमवार

खिशात चौऱ्याऐंशी गोळ्या झाल्या. कोट कपाटात एका बाजूला झुकलाय. अदितीने विचारलं, "आई, मी तो कोट ट्राय करू?" मी अशी ओरडले की ती दोन पावलं मागे गेली. "ओके ओके, नो नीड टु स्कोल्ड." मग मी रडले. तिला वाटलं औषधामुळे.

२७ मार्च, गुरुवार

हिरवा दिवा. डावी चार, हिरवा. उजवी चार, हिरवा. दोन्ही अंगठे, हिरवा. "ऑल ओके, आंटी!" ती मुलगी माझ्यापेक्षा जास्त खूश झाली.

मी चारूकडे वळले. पांढराफटक. "कसं काय?" एवढंच म्हणाला. "कसं काय आले?" मी म्हटलं, क्रीम लावत होते. तो पाणी आणायला गेला तो दहा मिनिटं आलाच नाही. शेवटी जिन्याशी बसलेला सापडला.

त्याला कळलं का? कळलं असतं तर बोलला असता. का नाही बोलला? घरी आल्यापासून ऑफिसची बॅग जवळ घेऊन बसलाय.

२८ मार्च, शुक्रवार

रक्त दिलं. पुढची खेप मंगळवारपासून, ती मी घेणार. शप्पथ.

३० मार्च, रविवार

पाडवा. कपडे वाळत घालायच्या बांबूलाच दरवर्षीप्रमाणे गुढी बांधली. खालच्या मजल्यावरच्या चिनी आजींनी हात हलवला. कडुनिंबाचं पान मी चावून चावून खाल्लं, अदितीने तोंड वेडंवाकडं केलं. "सो बिटर लाह!" चारू गुढीसमोर डोळे मिटून खूप वेळ उभा राहिला. एरवी याला फक्त श्रीखंडाची घाई.

मी काही मागितलं नाही. मागायला तोंड नाही.

१ एप्रिल, मंगळवार

सकाळी वाटीतल्या तीन गोळ्या खरंच घेतल्या. त्याच्या समोर.

अकरा वाजता नर्सचा फोन. रक्तातला तो ठिपक्यांचा आकडा वर गेलाय. अकरा होता, अडतीस झाला. गेल्या चार महिन्यांत एवढा कधी नव्हता. स्कॅन पुढे ओढलाय, परवा. "मॅडम, गोळ्या वेळेवर घेताय ना?" मी म्हटलं, हो.

हो म्हटलं मी!

डॉक्टर आता समजतील की या गोळ्या चालत नाहीत. औषध बदलतील, दुसरं आणखी जड देतील. माझ्या एका खोट्यावर ते सगळं ठरवणार. दुपारी नकाशा घडी करून ठेवला, पुन्हा उघडला. सिसिलीवर माझ्या बोटाचा तेलकट डाग आहे, रेघांसकट.

चारूला सांगायला हवं. आज जमलं नाही. त्याने आमटी केली होती, मीठ विसरला, मी तशीच खाल्ली.

२ एप्रिल, बुधवार

सांगितलं. अदिती कामाला गेल्यावर. कोटाचा खिसा टेबलावर रिकामा केला.

चारू ओरडला नाही. एका बोटाने गोळ्या मोजल्या. मग उठला, ऑफिसच्या बॅगेतून एक पाकीट काढलं आणि गोळ्यांशेजारी ठेवलं. हॉस्पिटलचं पाकीट. आत डॉक्टरांचं पत्र, सहीशिक्क्यासकट: औषधामुळे रुग्णाच्या बोटांचे ठसे सध्या घेता येणार नाहीत, तरी कृपया सूट द्यावी.

"तिकडे तुला काही झालं असतं तर मी एकटा काय करणार होतो, नीलू?" म्हणाला.

पत्रावर तारीख आहे सहा मार्च. पहिली गोळी मी खिशात टाकली ती अकराला.