म्हशीच्या कानांची टोपी

आई, सोळा दिवस मी एका म्हशीच्या मागे लागले होते. खरी म्हैस नव्हे, लोकरीची. तुझ्या पणतीला, म्हणजे माझ्या मुलाच्या मुलीला, थंडीची टोपी हवी आणि त्या टोपीला म्हशीचे कान आणि शिंगं हवीत, असा तिचा हुकूम होता. ती पाच वर्षांची आहे. तू गेलीस तेव्हा तिचा बाप दोन वर्षांचा होता, तुझ्या पदराचं टोक तोंडात धरून झोपायचा. आता तो दाढी राखून फिरतो. मोबाईलवर टोप्या विणायचे ढिगाने व्हिडिओ आहेत. ससा आहे, अस्वल आहे, मांजर आहे, घुबडसुद्धा आहे. म्हैस मात्र मला कुठे दिसली नाही. सुनेने गुलाबी नाकाचा ससा दाखवला आणि म्हणाली, "आई, हा करा की. म्हशीची टोपी कोण घालतं? पोरं म्हैस म्हणून चिडवतील तिला." मी नातीकडे बघितलं. तिने दोन्ही हात डोक्याशी नेऊन शिंगं करून दाखवली आणि विषय संपला.

म्हैसच का, तेही सांगते. पोरीला जन्मापासून ऐकू कमी येतं. तीन वर्षांची झाली तेव्हा कानामागे लावायचं मशीन मिळालं, दोन्ही कानांना एकेक, भुईमुगाच्या शेंगेएवढं. ते लावून तिला घरी आणलं त्या दिवशी आम्ही सगळे तिच्याभोवती बसून टाळ्या वाजवत होतो, हाका मारत होतो, आणि ती आपली भिंतीकडे बघत होती. तेवढ्यात बोळातल्या गवळ्याची म्हैस रेकली. पोर दचकून वळली, दाराकडे बोट केलं आणि हसली. या जगातला तिने ओळखलेला पहिला आवाज आमच्यापैकी कुणाचा नव्हता, म्हशीचा होता. मला जरा रागच आला होता, खोटं कशाला सांगू. पण तेव्हापासून त्या म्हशीला आमच्या घरात मान आहे, आणि रोज उरलेली एक भाकरी तिच्याकडे जाते.

आता अडचण ऐक. बालवाडी सकाळी साडेसातची. बापाच्या स्कूटीवर ती पुढे उभी राहून जाते. आपल्या सोलापूरची थंडी महिना-दीड महिन्याची, म्हणून तिला कुणी मोजत नाही, पण सकाळचं वारं कानात घुसायचं ते घुसतंच. सर्दी झाली की पोरीचा कान भरतो, कान भरला की मशीन डबीत. डॉक्टर म्हणाले, वाऱ्यात कान झाकत जा. आणि कान झाकला, टोपीचा दाब मशीनवर पडला, की ते शिट्टी मारायला लागतं. बारीक, चिरकी शिट्टी. मग ती एक तर टोपी भिरकावते नाहीतर मशीन काढून दप्तरात कोंबते. बालवाडीच्या बाईंनी सुनेला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "मशीन नसलं की ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसते हो. बाकीची मुलं गाणं म्हणतात तेव्हा ही ओठ हलवते." सून घरी येऊन हे सांगताना रडली. मी रडले नाही. मी उठले, पत्र्याच्या पेटीतून तुझी क्रोशाची सुई काढली आणि पदराला पुसली.

ओठ हलवणं मला माहीत होतं, आई. तू भजनाला बसायचीस तेव्हा हेच करायचीस. टाळ पुढच्या बाईचा हात बघून वाजवायचीस आणि ओठ हलवायचीस, आणि सगळ्यांना वाटायचं तू म्हणते आहेस.

भवानी पेठेतला तो टॉवेलचा कारखाना. पत्र्याच्या शेडमध्ये बारा माग धडधडत असायचे आणि तू त्याच शेडच्या कोपऱ्यात कांड्यांवर सूत भरत बसायचीस. मी शाळेतून सुटले की तुझा डबा घेऊन यायचे. दारात उभं राहिलं तरी पायाखालची फरशी हलते आहे. तू मला बघतेस, हाताने 'बस' म्हणतेस. तिथे तोंडाने कुणीच बोलत नाही, सगळा कारभार हाताचा आणि भुवयांचा. जेवणाच्या सुट्टीत माग थांबले की एकदम इतकं शांत व्हायचं की मला भीती वाटायची, पण तुझ्या चेहऱ्यावर काही फरक दिसायचा नाही. त्या अर्ध्या तासात तू मला क्रोशा शिकवलास, जो तुला शेजारी बसणाऱ्या तेलुगू मावशींनी शिकवला होता. साखळी, मुका खांब, खांब, एकेक टाका. एकदा मी बोटभर दोरा तोडून टाकून दिला तर तू माझ्या हातावर चापट मारलीस. "दोरा फेकतीस व्हय गं? गाठ माराय येत न्हाय का तुला?" तुझा आवाज शेडभर गेला. तुला तो किती मोठा होता ते कळत नव्हतं. मग तू अंगठा आणि दोन बोटांत ती गाठ मारून दाखवलीस, मागावर तुटलेला धागा जोडतात ती, चपटी, तांदळाच्या कणीएवढी. "अशी मारायची, की मालकाला बी गावली न्हाय पायजे." ती गाठ मला आजही डोळे मिटून येते आणि त्याचा मला गर्व आहे. त्या गर्वानेच पहिली टोपी बिघडवली.

म्हणजे झालं असं, की काळी लोकर दुकानात मिळते, पण घरात जुन्या स्वेटरांची उसवलेली लोकर पडलेली असताना नवा गोळा आणायचा, हे तुझ्या मुलीच्या हातून होत नाही. मी हातहातभर तुकडे काढले आणि तुझ्या गाठीने एकाला एक जोडत गेले. चार दिवसांत टोपी उभी राहिली. दोन शिंगं, आत कापूस भरून वळवलेली. दोन कान, खाली लोंबणारे. कपाळावर पांढरा ठिपका, कारण गवळ्याच्या म्हशीला तो आहे. पोरीने घातली, आरशात बघितलं, आणि दोन मिनिटांत उपटून काढली. मला म्हणाली, "आजी, टोपी बोलते." मला काही उमगेना. मग मी तिचं मशीन माझ्या कानाशी धरलं आणि टोपीचा कान त्याच्यावर नुसता फिरवला. खर्र, खर्र, खर्र. आपल्याला न दिसणारी, न लागणारी एकेक गाठ त्या मशीनला घासत होती आणि सगळी पोरीच्या कानात जात होती. मालकाला न सापडणारी गाठ पाच वर्षांच्या पोरीला सापडली. तू असतीस तर हसली असतीस, की माझ्या हातावर आणखी एक चापट दिली असतीस, ते मला ठरवता येत नाही.

सगळी उसवली. सून म्हणाली, "जाऊ द्या आई, तुमचे डोळे दुखतील. मफलर बांधू की." मी म्हटलं, मफलरनेही शिट्टी वाजते, आणि तू स्वयंपाकाचं बघ. तोंडाने मी जरा फटकळच आहे, ते तुला माहीत आहे. नवी लोकर आणली, एका दोऱ्याची, मध्ये कुठेही गाठ नाही. दुसरी टोपी डोक्याला घट्ट बसली आणि शिट्टी वाजली. उसवली. तिसरीला मी कानाच्या जागी भोक ठेवलं आणि त्याच्यावर म्हशीचा कान छपरासारखा बसवला, म्हणजे वारं अडेल आणि मशीनला काही टेकणार नाही. पण लोकरीचा कान तो, घरात ताठ राहिला आणि स्कूटीवर वाऱ्याने चपटा होऊन मशीनवर पडला. पोरीने चौकातच टोपी काढली, बापाने फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "आई, तू एवढी हट्टाला का पेटलीस? थंडी संपत आलीय." मी फोन ठेवून दिला. याचं उत्तर तुला द्यायचं आहे, म्हणून हे पत्र.

मी दहावीत होते. आपल्या पेठेत शाळेच्या हॉलमध्ये कानाची तपासणी ठेवली होती, कारखान्यातल्या लोकांसाठी. मी तुला घेऊन गेले, कारण डॉक्टरांचं बोलणं तुला मीच ओठांनी आणि हातांनी सांगणार. त्यांनी तुझ्या कानाला काहीबाही लावून बघितलं आणि मला म्हणाले, आईला मशीनचा फायदा होईल, पुढच्या सोमवारी घेऊन ये, आम्ही देऊ. टेबलावर एक मशीन ठेवलेलं होतं. तेव्हा ते खिशात ठेवायच्या डबीएवढं असायचं आणि त्यातून कानापर्यंत वायर जायची. मी ती वायर बघितली. शाळेच्या गॅदरिंगला तू मोठ्याने बोलायचीस तेवढंच मला पुरे झालं होतं, आता वर वायर. हे एक. दुसरं त्याहून वाईट. तू चुलीपुढे पाठमोरी बसलेली असायचीस तेव्हा मी तुझ्या मागे उभी राहून वाटेल ते बोलायचे. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून, नवी वही नाही म्हणून, मैत्रिणीच्या घरी जाऊ दिलं नाहीस म्हणून. असे शब्द, की जे मी आज कागदावरही लिहिणार नाही. तू भाकरी थापत राहायचीस. तुला ऐकू येत नव्हतं हे मला सोयीचं होतं. हॉलच्या बाहेर तू मला विचारलंस, "काय म्हनले गं?" मी हात हलवून सांगितलं, उपयोग नाही म्हणतात. तू म्हणालीस, "बरं, ऱ्हाऊ दे. मागाम्होरं ऐकून तरी काय करायचं हाय?" आणि वाटेत मला भजी घेऊन दिलीस, कारण मी तुझ्यासाठी उन्हात उभी राहिले होते. ती भजी मी खाल्ली.

म्हणून, आई, या पोरीच्या कानावरचं मशीन माझ्या देखत डबीत जाणार नाही. थंडी संपली तरी पुढच्या वर्षी पुन्हा येईल आणि मी चौथी टोपी विणेन, पाचवी विणेन, हे मी त्या दिवशी ठरवलं. चौथीला उत्तर सापडलं आणि ते आपल्याच गावचं होतं. टोपी लोकरीची ठेवली, पण कान सुताचे केले, टॉवेलच्या कारखान्यातून आणलेल्या कोनच्या, म्हणजे पुठ्ठ्याच्या शंकूवर गुंडाळलेल्या सुताचे, दुहेरी दोरा, बारीक सुई आणि मुके खांब इतके गच्च की सुई आत जाताना बोटाला घट्टा पडला. सूत लोकरीसारखं लवत नाही. कान आडवे, बाहेर काढलेले, म्हशीचे असतात तसेच, आत पोकळ. मशीन त्या पोकळीत निवांत बसतं. मी स्वतः टेबल फॅन लावून त्याच्यापुढे ती टोपी धरून बसले, फुल स्पीडवर. सून दारात उभी राहून बघत होती. कान हलला नाही. मग तीच म्हणाली, "शिंगं थोडी अजून वळवा की आई, रेडकाची वाटतायत." आणि स्वतः बसून तिने शिंगांत कापूस भरला.

गेल्या सोमवारी पोर ती टोपी घालून बालवाडीत गेली. मी दुपारपर्यंत दाराशी चार फेऱ्या मारल्या. परत आली तेव्हा टोपी डोक्यावर होती, उन्हात घाम आला होता तरी होती, आणि दोन्ही मशीन कानाला. सोबत बाईंची चिठ्ठी होती. एका मुलाने म्हैस म्हटलं तर हिने शिंगं खाली करून त्याला ढुशी मारली, आणि आता सगळ्या वर्गाचा तोच खेळ झाला आहे, कृपया समज द्यावी. गाणंही म्हटलं, असं खाली लिहिलं होतं, 'आज मोठ्याने'. ते दोन शब्द मी सुनेकडून तीनदा वाचून घेतले, चष्मा माझ्या नाकावर असताना. समज मात्र अजून कुणी दिलेली नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी मी भाकऱ्या करत होते. पोर माझ्या मागे पाट मांडून बसली होती. सुनेने पिठाचा डबा उघडा ठेवला होता म्हणून मी आपली सवयीने पुटपुटले, काय ते तुला सांगत नाही. मागून आवाज आला, "आजी, आईला असं नाही म्हणायचं." माझा हात परातीतच थांबला. मला वळून तिच्याकडे बघवेना. ती पुन्हा म्हणाली, "मला ऐकू आलं." मी म्हटलं, बरं, नाही म्हणणार. आणि तव्यावरची भाकरी करपली.

हे पत्र टाकायला पेटी कुठली, आणि टाकून वाचणार कोण, तुला तर अक्षरओळखही नव्हती. घडी करून ठेवून देईन. पण एक कबूल करते. त्या सोमवारी मी तुला नेलं असतं, तुला मशीन मिळालं असतं, तू अजून असतीस आणि तुला माझं सगळं ऐकू येत असतं, तर हे पत्र मी लिहिलं नसतं आणि तुझ्या तोंडावर तर मुळीच बोलले नसते. आजही मी धीट झाले आहे ती एवढ्यासाठीच, की तू पाठमोरी आहेस.