अंदाजाचे मार्क

१२ नोव्हेंबर

मार्कांचा अंदाज म्हणे! परीक्षा मार्चमध्ये, निकाल जुलैत, आणि धाकटीच्या देशातल्या विद्यापीठाला आत्ताच कळायला हवं की आमच्या बिट्टीला किती मार्क पडणार. माप घ्यायच्या आधी कोट शिवून मागतायत.

धाकटी म्हणजे माझी मुलगी, लग्न झाल्यापासून तिकडेच असते. आज फोनवर तिने आपल्या भाचीला सगळं समजावलं. मी शिलाई मशीनवर बसून ऐकत होतो. तिकडे अर्ज आधी, परीक्षा नंतर. शाळेने लिहून द्यायचं की या मुलीला अमुक इतके पडतील. अंदाज चांगला असला तर विद्यापीठ म्हणणार — बरं, एवढे खरंच पडले की जागा तुझी. आपल्याकडे कसं सरळ असतं. परीक्षा, निकाल, यादी. नाव वर असलं तर आत, खाली असलं तर बाहेर. मधे अंदाजाला कोण विचारतो?

आमच्या हिला काही पटलं नाही. भाजी निवडता निवडता म्हणाली, निकालाआधी कधी कुणी आकडा बोलतं का! मलाही ते अपशकुनासारखंच वाटलं. पण नातीचा जीव त्या उघडणाऱ्या पुलांवर. दोन वर्षांपूर्वी आत्याकडे गेली होती. तिथे बोट आली की पूल मधोमध दुभंगतो आणि दोन्ही बाजू वर उचलल्या जातात म्हणे. परत आली ती पूल घेऊनच. वह्यांच्या मागे पूल, माझ्या कापायच्या कागदावर पूल. आम्हाला वाटलं, जाईल खूळ. नाही गेलं. आता ती पूल बांधायलाच शिकणार, आणि तिथेच शिकणार.

१५ नोव्हेंबर

बिट्टीबरोबर शाळेत जाऊन आलो. थोरल्याला, म्हणजे तिच्या बापाला, कामावरून निघता येईना, सूनबाईची दवाखान्यात दिवसपाळी. राहिलो मी.

अंदाज गणिताच्या बाईंनी लिहायचा, त्याच वर्गशिक्षिका. बाई माझ्या ओळखीच्या. शाळेचे गणवेश माझ्याच मशीनवरून जातात, आणि बाईंच्या करड्या कोटाची कॉलर मीच उलटवून दिली आहे. बाई आधी हसल्या. मी काय ज्योतिषी आहे का आबा, म्हणाल्या. मग चष्मा चढवला, बिट्टीकडे बघितलंही नाही, आणि आकडा टाकला. अठ्ठ्याहत्तर.

बाहेर पायऱ्यांवर पोर थांबली. "आबा, मी एवढीच आहे?"

म्हटलं, अगं, ती बाईंची पद्धत. सराव परीक्षेतसुद्धा त्या हात आखडताच घेतात, म्हणजे पोरांच्या डोक्यात हवा जात नाही. खऱ्या परीक्षेत बाईंच्या मुलांना दहा-बारा जास्तच पडतात, हे कुणाला माहीत नाही? मी तरी काय करतो! शनिवारी देतो म्हणायचं, शुक्रवारी तयार ठेवायचं. गिऱ्हाईक खूश.

बोललो खरा. आणि माझं मलाही पटलं.

१६ नोव्हेंबर

अर्जाबरोबर अठ्ठ्याहत्तर तिकडे गेले. आता मागे येत नाहीत.

४ डिसेंबर

आज मजाच झाली, आणि मग मजा गेली.

धाकटी सांगत होती, तिच्या शेजारणीच्या मुलाला कॉलेजात एकाहत्तर टक्के पडले आणि घरात नुसता आनंदीआनंद. तिकडे कॉलेजात सत्तरच्या वर गेलात की पहिला वर्ग, त्याच्या वर फारसं कुणी जातच नाही. ही म्हणाली, आपल्याकडे सत्तर पडले तर शेजारचे हळूच विचारतात, परीक्षेच्या वेळी आजारी होती का हो? सगळे हसलो. मला तर हायसं झालं. म्हटलं, मग आपले अठ्ठ्याहत्तर म्हणजे फारच झाले की!

तर धाकटी हसायची थांबली. तसं नाही बाबा, म्हणाली. सत्तर त्यांच्या मापाचे. आपल्या शाळेचे मार्क ते आपल्याच मापाने बघतात. आपल्याकडे खिरापतीसारखे नव्वद वाटतात हे त्यांना ठाऊक आहे. पुलांसाठी त्यांना आपले अठ्ठ्याऐंशी हवेत.

म्हणजे माझ्या टेपसारखं झालं. एका बाजूला इंच, उलटवली की सेंटिमीटर. कापड तेवढंच. पण चुकीच्या बाजूने वाचलंत की गेला कोट.

कामात लक्ष लागेना. एक बाही उलटी जोडली, पुन्हा उसवली.

२१ जानेवारी

नकार आला.

दोनच ओळींचा होता. बिट्टीने वाचला, फोन पालथा ठेवला आणि कपडे वाळत घालायला गेली. एकेक कपडा झटकून, चिमटे लावून, अगदी शिस्तीत. तिची आजी म्हणाली, रडली असती तर बरं झालं असतं.

थोरला तावातावाने शाळेत गेला आणि तोंड पाडून परत आला. बाईंचं म्हणणं, मी सगळ्यांचेच कमी लिहिते, आजवर कुणाचं नुकसान झालं नाही. खरंच आहे. आजवर बाईंच्या आकड्याला विचारलं कुणी? निकाल लागला की तो आकडा केराच्या टोपलीत. या वेळी पहिल्यांदाच तो दार ओलांडून बाहेर गेला.

आणि धाकटी काय सांगते — तिकडचे मास्तर उलट वाढवूनच लिहितात! पोरांना संधी मिळावी म्हणून. विद्यापीठालाही ते माहीत, म्हणून अंदाज आला की ते मनातल्या मनात थोडा कमी करून वाचतात. म्हणजे आमचं कापड बाईंनी आधीच आखूड कापलं होतं, त्यांनी वरून आणखी दुमडलं. पोरगी मावणार कशी त्यात?

आता एकच वाट उरली म्हणे. निकाल लागल्यावर त्यांच्याकडे काही जागा रिकाम्या राहतात, त्यासाठी पुन्हा विचारता येतं. जुलैपर्यंत जीव टांगणीला.

२ फेब्रुवारी

बिट्टी अभ्यास करते. बोलत नाही. विचारलं कसं चाललंय, तर म्हणते, चाललंय.

१९ मार्च

शेवटचा पेपर झाला. कसा गेला?

"बरा गेला."

बरा म्हणजे किती बरा, हे विचारायचं धाडस झालं नाही. हिने डोळ्यांनीच दटावलं.

७ जुलै

उद्या निकाल. आज सहा शर्टांना काजं केली, त्यातली एका शर्टाची चुकीच्या पट्टीवर! उभ्या आयुष्यात असं झालं नव्हतं. गिऱ्हाईक म्हणाला, आबा, चष्मा बदला. म्हटलं, बदलतो.

८ जुलै

चौऱ्याण्णव!

सकाळपासून दारात माणसं. थोरल्याने तर रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही सांगितलं. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, बरे पडले. ही म्हणाली, ठीक झालं हो एकदाचं. असंच म्हणतो आपण. आतून उकळी फुटत होती, तोंडातून एवढंच बाहेर आलं.

दुपारी धाकटीचा फोन, आणि पुन्हा घोर. पुलांच्या शाखेत जागा आहेत, पण थोड्या. उद्या सकाळीच फोन करायचा. आणि फोन बिट्टीनेच करायचा. थोरला म्हणाला, मी बोलतो ना, बाप आहे तिचा. तर तिकडे बापाशी बोलतच नाहीत म्हणे. शिकायचं कुणाला आहे? मग तिनेच सांगायचं, मला का घ्या.

हे कसलं विचित्र! आपल्याकडे असं जागेसाठी फोन करणं म्हणजे तोंड वेंगाडणं. यादी लागते, नाव असतं नाहीतर नसतं. स्वतःची तारीफ स्वतःच करायची ही काय रीत?

त्यात आणखी एक मेख. इथल्या कॉलेजची यादी निकालाबरोबरच लागली, त्यात बिट्टीचं नाव आलंय, पुलांच्या नाही पण रस्त्यांच्या शाखेत. बारा तारखेपर्यंत होय म्हणून निकालपत्र जमा करायचं. एकदा जमा केलं की वर्षभर परत मिळत नाही, आणि तिकडेही मूळ निकालपत्रच लागतं. म्हणजे बारापर्यंत तिकडचं कळलं नाही तर तिकडचं संपलं. इथलं सोडून वाट बघत बसलो आणि तिकडून नाही आलं, तर दोन्ही गेलं.

९ जुलै

काय लिहू.

दुकानाच्या खोलीत, आरशासमोर बसून बिट्टीने फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. ती भाषा मला अर्धीमुर्धी कळते, थोरला कानाशी सांगत होता. पण मी बघत होतो तिचे खांदे. जन्मभर लोकांच्या खांद्यांची मापं घेतली, खांदा खोटं बोलत नाही.

पलीकडची बाई चांगली होती, हसून बोलत होती. विचारलं, गणित कसं आहे तुझं?

"ठीक आहे."

पूल का?

"आवडतात."

शाळेचा अंदाज एवढा कमी, निकाल एवढा वर, हे कसं झालं?

"नशीब असेल."

थोरल्याने कपाळावर हात मारला. खांदे केव्हाच उतरले होते. ती बाई म्हणाली, बघू, आणखीही मुलं आहेत, वाटलं तर कळवू.

फोन ठेवून बिट्टी माझ्याकडे वळली. मी खोटं बोलले का आबा, म्हणाली. मोठेपणा नाही केला. तुम्हीच सांगता ना?

मीच सांगत आलो. या घरात कधी कुणी म्हटलंय का, की हे मला छान येतं? मला विचारा धंदा कसा आहे. बरा आहे. तब्येत? चाललंय. हिला विचारा, जेवण कसं झालं. खाण्यासारखं आहे. पोरगी हेच ऐकत मोठी झाली. बाईंनी तर एकदाच आकडा कमी लिहिला.

१० जुलै

सकाळी दुकानाच्या दारात बाई. हातात करडा कोट नव्हता, काही शिवायलाही आणलं नव्हतं. थोरल्याकडून फोनचं कळलं होतं त्यांना. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. बिट्टीला समोर बोलावलं.

"अठ्ठ्याहत्तर लिहिले तेव्हा माझ्या मनात नव्वदच्या वरचा आकडा होता. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांत तुझ्यासारखं गणित फार थोड्यांचं. हे तोंडावर सांगायची मला सवय नाही. पण त्याला नशीब म्हणू नकोस. माझा अपमान होतो."

असं म्हणून पाणी मागितलं. ही पाणी आणायला वळली, आणि बिट्टी रडली. जानेवारीपासूनचं सगळं.

ठरलं, उद्या बिट्टीनेच पुन्हा फोन करायचा; दुपारभर मग तालीम. बिट्टी आरशासमोर उभी, मी मशीनवर, फोनपलीकडची बाई मी झालो. विचारलं, गणित कसं आहे तुझं? म्हणते, मी गणितात चांगली — आणि खुदकन हसते. पुन्हा. पुन्हा हसते. स्वयंपाकघरातून तिची आजी ओरडली, "इकडे काही ऐकू येत नाही, मोठ्याने सांग!" मग हसू थांबलं. आरशात बघून सरळ म्हणाली, मी गणितात चांगली आहे, मेहनत करते आणि मला समजतं. ऐकायला मलाच कानकोंडं झालं. पण यात खोटं काय होतं?

पुलांबद्दल मात्र काही शिकवावं लागलं नाही. त्याबद्दल आजवर तिला कुणी विचारलंच नव्हतं, एवढंच.

११ जुलै

आज कुणी बरोबर नको म्हणाली. दार लावून घेतलं.

सूनबाई दवाखान्यात, मी, ही आणि थोरला असे तिघं बाहेर, लहान मुलांसारखे रांगेत. दाराला खरखरीत काच आहे, तिच्यातून नुसती आकृती दिसते. आधी बसलेली होती. मग उठली. बोलतेय, बोलतेय, थांबत नाही. ही म्हणाली, एवढं तर वर्षात बोलली नाही. मग काचेपलीकडे दोन्ही हात पुढे आले, बोटांना बोटं भिडली, आणि हळूहळू दोन्हीकडून वर गेले. फोनवर दिसत नाही काही, तरी पूल उघडून दाखवत होती!

खांदे बघितले. तेव्हाच कळलं मला.

बाहेर आली. म्हणाली, त्याच आज मला फोन करणार होत्या, त्याआधी मीच केला हे त्यांना आवडलं. जागा दिली. लेखी येईल संध्याकाळपर्यंत.

थोरला तिला उचलायला गेला, पेलली नाही. ही हसता हसता रडली. मी कात्री शोधायच्या निमित्ताने आत गेलो.

संध्याकाळी लेखी आलं. धाकटीने चारदा वाचून खात्री केली.

१२ जुलै

इथल्या कॉलेजला नको म्हणून कळवलं. निकालपत्र बिट्टीच्या कपाटात.

३० ऑगस्ट

तिचा कोट पूर्ण झाला. गडद निळा, जाड अस्तर. तिकडे थंडी फार. बाहीला आत दोन बोटं कापड जास्त ठेवलं आहे, अजून वाढेल पोर. विचारलं, कसा झालाय? आरशात वळून वळून बघितलं. "सुंदर झालाय," म्हणाली. असं सरळ कुणी म्हटलं की काय करायचं असतं कोण जाणे. टाचण्या गोळा करत बसलो.

९ सप्टेंबर

बिट्टीला पोचवून आलो. आत जायच्या फाटकापाशी थांबली. मागे माणसं खोळंबलेली.

"आबा, फार वाईट वाटतंय का तुम्हाला?"

"थोडंसं," म्हणालो.

हलली नाही. "हा अंदाज झाला. खरा आकडा सांगा."

सांगितला.