आखणीचा मान

मी, श्रीमती सुहासिनी श्रीपाद ओगले, वय वर्षे एकोणऐंशी, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार डोंबिवली पूर्व, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि माझ्याच हाताने लिहीत आहे. अक्षर हलते आहे ते हाताच्या कंपामुळे. बुद्धी जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी अक्कल शाबूत असल्याचे त्यांना पाच मिनिटांत पटले, माझ्या मुलांना अजून पटायचे आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला आधी कोणीतरी घरी यावे लागते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. मी राहते ती दुसऱ्या मजल्यावरची सदनिका माझे पती कै. श्रीपाद ओगले यांच्या पश्चात वारसांच्या संमतीने माझ्या नावावर झाली आहे. ती मुलगा शौनक (राहणार बाळकुम, ठाणे) आणि मुलगी अंतरा (राहणार कळवा) यांना निम्मी निम्मी मिळावी. इमारत पुनर्विकासाला जाणार असे कितीतरी वर्षे ऐकते आहे. आधी ती जाते की मी, एवढेच बघायचे.

कलम २. पोस्टातल्या ठेवी व दागिने अंतराला द्यावेत. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणूनही मी तिलाच नेमते. वडिलांच्या आजारपणात धावली ती तीच. आता तिची सासू अंथरुणाला खिळली आहे, त्यामुळे तिला इकडे फिरकता येत नाही. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. लहानपणी तिच्या वेण्या तिचे बाबा घालत, कारण माझी सकाळची ड्यूटी असे. रिबिनीला हमखास रंग लागलेला, पण भांग इतका सरळ की वर्गातल्या बाई तिला उभे करून सगळ्यांना दाखवत.

कलम ३. माझ्या पतींना जग ओगले सर म्हणत असे. चारचौघांत मीही सरच म्हणते. त्यांचे कुंचले, बोर्ड आणि रंग त्यांचा विद्यार्थी उत्तम याला द्यावेत. कल्याणला त्याचा गणपतीचा कारखाना आहे, तिथे ते सुकून जाणार नाहीत.

सर कल्याणच्या एका शाळेत चित्रकला शिकवत. मुलाच्या कागदावर मास्तरने हात चालवायचा नाही, हा त्यांचा नेम. मुलाचे नाक चुकले तर सर स्वतःच्या डाव्या तळहातावर पेनने नाक काढून दाखवत. संध्याकाळी घरी येत तेव्हा त्या हातावर कोणाचे नाक, कोणाचे मडके, कोणाच्या बैलाचे शिंग. त्याच हाताने भाजीची पिशवी माझ्याकडे देत. पालक भांडायला येत, की इतर मास्तर प्रदर्शनाची चित्रे सुधारून देतात, मग आमच्याच मुलांनी का मागे राहायचे? सर त्यांना बसवून चहा देत. चहा मी करत असे.

कलम ४. सरांना मिळालेल्या शाली गरजूंना वाटाव्यात. मानचिन्हांचे काय करायचे ते मला सुचत नाही. दरवर्षी स्मृतिदिनाला माजी विद्यार्थी येतात, हार घालतात, सरांच्या रिकाम्या खुर्चीचा फोटो काढतात. मागच्या खेपेला मी कॉफीचा ट्रे घेऊन बाहेर आले, तर एका गृहस्थांनी विचारले, "मावशी, सरांच्या मिसेस कुठे आहेत?"

मी म्हटले, "आत आहेत." आणि आत गेले.

सर गेल्यापासून मला फार एकटे वाटते. हे कोणत्या कलमात बसते ते वकिलांना सांगता आले नाही, म्हणून इथेच लिहिले.

कलम ५. आमच्या घरचा गणपती. खरे तर याच्यासाठीच हा सगळा घाट घातला. वकील म्हणाले, ज्या मूर्तीचे विसर्जन होते तिची वाटणी कशी लिहिणार? मी मूर्ती देत नाही, आखणीचा मान देते आहे. श्रावणात शाळा सुटली की सर कारखान्यात जाऊन मूर्तींचे डोळे रंगवत, त्याला आखणी म्हणतात. शेकडो गणपतींना त्यांनी नजर दिली, पण घरची मूर्ती मात्र बिनडोळ्यांची आणत. चतुर्थीच्या सकाळी घरातल्या एकाने आखणी करायची. एका वर्षी मी, पुढच्या वर्षी शौनक, मग अंतरा. "मी आखले तर तो कारखान्यातलाच गणपती राहिला," असे म्हणत आणि पाठ करून उभे राहत.

शौनक सात वर्षांचा असताना त्याच्या हातून डोळे चकणे झाले. आलागेला हसून जाई. शेजारी म्हणाले, सर, तुम्ही नुसता कुंचला टेकवलात तरी सरळ होतील. सरांनी हात लावला नाही. मुले शौनकला चकण्या म्हणू लागली, आणि आपला बाप गावाला शिकवतो पण आपली लाज झाकत नाही, हे त्याच्या मनात बसले. पुढे त्याचे वर्ष आले की तो नाइलाजाने कुंचला धरायचा. सर गेल्यावर तेही संपले.

गेल्या वर्षी मान त्याचा होता. मूर्ती पाटावर ठेवून मी सकाळपासून वाट पाहिली. फोनवर म्हणाला, आमच्या टॉवरच्या गणपतीची सगळी व्यवस्था माझ्याकडे आहे, तूच आख. गुरुजी दोनदा येऊन परत गेले. मी आखले नाहीत. मोदक केले होते, पण दाखवणार कोणाला? दिवसभर तो आणि मी समोरासमोर बसलो. त्याला डोळे नव्हते, आणि माझ्याकडे बघणारे घरात दुसरे कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी शौनक आला. पाटाकडे बघून म्हणाला, "आई, हा हट्ट आहे तुझा."

"आहे," मी म्हटले.

पाटाशेजारचा कुंचला त्याने उचलला आणि परत ठेवला. मग म्हणाला, "मी काढले ना, तर परत तसेच येतील गं."

पन्नाशीला टेकलेला माणूस हे बोलला आणि चप्पल घालून निघून गेला. संध्याकाळी या थरथरत्या हाताने मीच आखले आणि पोथी बघून पूजा केली.

तर शौनक, आखणीचा मान मी तुला देते. अंतराच्या सासरी त्यांचा गणपती आहे, तिची याला संमती आहे. हे कलम माझ्या मृत्यूनंतर नव्हे, येत्या चतुर्थीपासून लागू आहे. मृत्युपत्रात असे लिहिता येत नाही म्हणे. मी लिहिले आहे.

एक गोष्ट तुला कोणी सांगितलेली नाही. डोळे चकणे झाले त्या वर्षी जो तो समोर उभा राहून हसत होता. सगळा गोतावळा हॉलमध्ये सरांभोवती, आणि मी दरवर्षीसारखी ओट्याशी. लाटता लाटता मान वर केली की तुझ्या गणपतीचा डावा डोळा थेट स्वयंपाकघरात, माझ्याकडे लागलेला असे. उजवा लोकांकडे आणि डावा माझ्याकडे. मला इतके बरे वाटायचे की मी काम सोडून पुन्हा पुन्हा बघायची. या घरात इतके गणपती बसले, माझ्याकडे बघणारा तेवढा एकच होता.

यंदा ये. तसेच येतील याची भीती धरू नकोस; तसेच यावेत म्हणून आख. मी ओट्याशीच असेन.

वरचा सगळा मजकूर मी पुन्हा वाचला, तो माझाच आहे. खालील दोघांच्या देखत मी सही केली. त्यांनी माझ्या आणि एकमेकांच्या देखत केली.

(सही) सुहासिनी श्रीपाद ओगले

साक्षीदार:
१. (सही) हेमांगी विद्वांस, शेजारी
२. (सही) हर्षित म्हात्रे, तळमजला

स्थळ: डोंबिवली पूर्व
दिनांक: १३ जुलै २०२५