झेंड्याच्या कट्ट्यावरचं नाव

गुरुजी, तुम्ही गेलात तेव्हा अख्खं गाव मातीला आलं होतं, मी आले नव्हते. त्या दिवशी मी घरी बसून लाल मिरच्यांची देठं मोडत होते आणि मला बरं वाटत होतं. चौथीत शाळा सुटलेली बाई आहे मी, अक्षर वाकडं येतं. पुढं वाचायला शिकले ते शुभवर्तमानावर बोट ठेवून, तुमच्या छडीखाली नाही. तेव्हा चुका काढू नका.

तो पंधरा ऑगस्ट तुम्हाला आठवतही नसेल. करणाऱ्याला कुठं आठवतं. घोषणा द्यायला माझ्यासारखा आवाज शाळेत कुणाचा नव्हता. तुम्हीच म्हणायचात, ही पोरगी ओरडली तर देवणीच्या बाजारातले बैल दावं तोडतील. म्हणून प्रभातफेरीत झेंडा घेऊन पुढं चालायचं काम माझ्याकडं दिलं होतं. आईनं आदल्या दिवशी माझा झगा दोनदा धुतला. मी पुढं उभी आहे, केसांना तेल चोपडलेलं, काठी दोन्ही हातांत घट्ट. पाटलाच्या घरचं कुणीतरी तुमच्या कानाशी येऊन काही बोललं. तुम्ही माझ्याकडं आलात, काठी काढून घेतलीत आणि म्हणालात, "तू मागं हो. तुमचा देव गोऱ्या लोकांचा. ज्यांचा देश हाय त्यांनी झेंडा धरावा." मी मागं झाले. रझाकारीत रानात दडलेल्या माणसांना माझ्या बापानं भाकरी पोचवल्या होत्या, त्यांत तुमचे थोरले भाऊ होते, हे तुम्हाला ठाऊक होतं. फेरी निघाली आणि मी घरी गेले, ती परत शाळेत आले नाही. तुम्ही बोलवायला पण कुणाला धाडलं नाहीत.

बाप म्हणाला, आपल्यात माफ करायचं असतं. मी म्हणाले, तुम्ही करा. आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. मनात कुणाविषयी अढी असेल तर त्या भाकरीला हात लावायचा नाही, हे आम्हाला पोरपणापासून बजावलेलं. बाकीचे आतल्या आत खोटं बोलून खातात, त्यांचं ते जाणोत. मला ते जमलं नाही. लग्नाआधी नाही, लग्नानंतर नाही. सासरही गावातच मिळालं, त्यामुळं रोज तुमचं तोंड दिसायचं आणि अढी ताजी राहायची. ताट आलं की मी मान खाली घालून बसायची. सासूला वाटायचं, हिनं लग्नाआधी काहीतरी शेण खाल्लंय. एकदा तिनं उघडच विचारलं, "कोण होता गं तो?" मी म्हणाले, "मास्तर होता." तिनं आठ दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही.

यंदा नाताळाला तुमचा मुलगा चर्चमध्ये आला. जिल्हा परिषदेला उभा राहणार होता. गळ्यात पक्षाचा रुमाल, मागं मोबाईल धरलेली पोरं. ह्याच पोरांनी उन्हाळ्यात आमच्या घरातली प्रार्थना बंद पाडली होती. बाजाच्या पेटीला लाथ मारून विचारलं होतं, कुणाकुणाला बाटवून राहिले सांगा. आता तुमच्या मुलानं केक कापला, लेकरांना भरवला आणि माईकवर म्हणाला, "आपले ख्रिस्ती बांधव पण देशावर प्रेम करणारे आहेत." टाळ्या आमच्याच लोकांनी वाजवल्या. मतं मागायला आलेल्या माणसाकडून देशभक्तीचा दाखला मिळाला म्हणून खूश झाली मंडळी. मग तो माझ्यापुढं येऊन वाकला. "अक्का, शाळेत झेंड्याचा नवा कट्टा बांधलाय, आप्पांच्या नावानं. त्यांच्या हाताखालची इतकी जुनी विद्यार्थिनी आता गावात तुम्हीच. सव्वीस जानेवारीला झेंडा तुमच्या हातानं, आणि दोन शब्द बोला." सून माझं कोपर दाबत होती. "आत्याबाई, गप बसा, इलेक्शनचे दिवस हायेत." मी त्याला म्हणाले, "बोलते की. दोन काय, चार बोलते."

कट्ट्यावर काळ्या फरशीत तुमचं नाव, सोनेरी अक्षरांत. मी दोरी ओढली, झेंडा उलगडला, फुलांच्या पाकळ्या डोक्यावर पडल्या. माईक हातात आला. मी म्हणाले, "लेकरांनो, ह्याच जागेवर गुरुजींनी माझ्या हातातला झेंडा काढून घेतला होता. म्हणाले, तुमचा देव गोऱ्यांचा. आणि फाडकन माझ्या कानाखाली मारली. तुमच्याएवढीच होते मी." तेवढ्यात माझ्या वर्गातला एक म्हातारा, आता निम्मा बहिरा झालाय, खुर्चीवरून उठला. "हाव, मारली. म्या सोता बघितलं." तुमचा मुलगा हात जोडून पुढं आला. मोबाईल चालू होते, त्याला माफी मागावी लागली. रडवेला झाला की तो थेट तुमच्यासारखा दिसतो. आठ दिवसांत फरशी निघाली, तिथं आता सिमेंटचा नुसता चौकोन आहे. निवडणुकीत तो पडला. माझ्यामुळं पडला का, देव जाणे, पण लोक तसं म्हणतात आणि मी नाही म्हणत नाही.

परवा पहिला रविवार होता. चर्चचे पाळक ताट घेऊन माझ्या बाकाशी आले. नांदेडहून आलेला पोरसवदा माणूस आहे, सगळं ऐकून होता. हळूच म्हणाला, "आजी, आता तर मनातलं सगळं निघालं. घ्या." अख्खी मंडळी वळून बघत होती. माझा हात पुढं गेला, आणि तिथंच थांबला.

कारण कानाखाली तुम्ही मारलीच नव्हती, गुरुजी. काठी काढून घेतलीत ती हळूच, मग डोक्यावरून हात फिरवलात आणि म्हणालात, "शहाणी पोरगी हायेस." तेच मला आजवर गिळता आलं नाही. पण डोक्यावरून हात फिरवला म्हणून कोण कुणाच्या नावाची फरशी काढतं? लोकांना थप्पड कळते. मी ती लावून दिली. पाळकाला म्हणाले, पुढल्या महिन्यात बघू. तुमच्या मुलाला जाऊन खरं सांगावं आणि मग भाकर घ्यावी, एवढंच करायचं आहे. त्याच्याऐवजी तुम्हाला लिहीत बसले, कारण तुम्ही कुणाला सांगणार नाही, आणि हा कागद संध्याकाळी चुलीत जाईल. शाळेवरून माझा रस्ता नाही. तरी रोज सकाळी वाट वाकडी करून मी तो सिमेंटचा चौकोन बघून येते.