दुसरी किल्ली

ग्रामपंचायत कार्यालयाची पायरी,
बुधवार, १२ मार्च २०२५

प्रिय सुलू,

कशी आहेस? प्रियंकाचे पेपर बरे गेले ना? तिला माझा आशीर्वाद सांग. आमच्याकडे ठीक. ह्यांची कारखान्यात सकाळची पाळी आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला.

परवा तुम्ही बायकांनी कार्यालयाला टाळं ठोकलंत. कुलूप पाहून मला हसूच आलं. पाच वर्षांपूर्वी बोईसरच्या बाजारात याच दाराला ठोकायला आपण दोघींनी घासाघीस करून घेतलेलं तेच पितळी! तेव्हाही नळाला पिवळं पाणी येत होतं आणि तेव्हाचे सरपंच रोज म्हणायचे, "प्रस्ताव पाठवलाय."

मग मी सरपंचपदाच्या निवडणुकीला उभी राहिले. तू म्हणालीस, "आमी नाय आत येनार, चारू. आत गेलेला मानूस खुर्चीसारखा बोलाया लागतो." मी चिडले. जन्मभर दारातच ओरडायचं का? कुणीतरी आत बसून कागद करायला नको?

दोन दिवस पायरीवर बसते आहे. साखरबाई हंडा घेऊन समोरून गेली, पण मान वळवली नाही. मोर्चात माझ्या पायाला फोड आले, तेव्हा हिनेच हळद लावली होती. फार एकटं वाटतं गं.

सांगायचं ते टाळतेच आहे. पाण्याचा प्रस्ताव मी पाठवलाच नाही. त्याला ग्रामसभेचा ठराव लागतो. सभा बोलावली तर तू उभी राहून चार प्रश्न विचारशील, याची धास्ती वाटली. तुला मात्र तोंडावर सांगितलं, "पाठवलाय." तेच शब्द, सुलू. मला माझीच लाज वाटते. तुमच्याशिवाय तो कागद पुढे जातच नाही, आणि मी तुम्हालाच टाळत बसले.

तो आत कपाटात पडला आहे. या कुलपाची दुसरी किल्ली इतकी वर्षं माझ्या देव्हाऱ्यात होती. तू विसरलीस, की आठवणीनेच हे कुलूप लावलंस? दोन मिनिटांत उघडलं असतं, पण हात धजला नाही. गावाने लावलेलं कुलूप चोरून उघडायचं, तर मी सरपंच कुणाची?

किल्ली सोबत पाठवते आहे. पुढच्या शुक्रवारी सकाळी दहाला इथेच, पायरीवर, ग्रामसभा बोलावली आहे. नोटीस बंद दारावर चिकटवली. खोटं बोलले ते सगळ्यांसमोर सांगेन. मग उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

नाही उघडलंत तरी ये. शेजारी जागा ठेवते.

तुझीच,
अजून बाहेर बसलेली
चारुता