डाव्या डोळ्याचा नंबर

प्रिय धाकट्या,

तू पाठवलेलं खोकं मिळालं. स्वेटर बाबांना ढगळ होतो, पण ते तो अंगावेगळा करायला तयार नाहीत. माझी शाल कपाटात ठेवली आहे. तीन वर्षांत वस्तू बऱ्याच आल्या, तू मात्र आला नाहीस. फोनही करतोस तो ह्यांना, आणि मी दुकानात असते ती वेळ साधून. तक्रार म्हणून लिहीत नाही. हल्ली माझ्याकडून तक्रार होतच नाही. रागवायचं म्हटलं तरी आतून काहीतरी उचलावं लागतं, आणि ते उचलत नाही.

हे बरे आहेत. शाळेतून येतात, वह्या तपासतात, नऊला झोपतात. आम्ही बोलतो तेही नळ गळतोय, गॅस संपत आला, एवढंच. माझ्या पोरीला, आपल्या बडबडीला, जाऊन येत्या महिन्यात तीन वर्षं होतील. असती तर बारा पुरी झाली असती. ती असताना ह्या घरात आपलं म्हणणं पुरं करायला रांग लावावी लागायची. आता बोलायला जागाच जागा आहे आणि सांगण्यासारखं काही नाही.

बाबांचा क्रम तोच. सकाळी खिडकीशी बसून प्रार्थना म्हणतात आणि शेवटी ज्यांच्यासाठी मागायचं त्यांची आठवण करतात. पोरगी गेली त्याच आठवड्यात त्यांनी त्या टँकरवाल्यासाठीही मागायला सुरुवात केली. कोर्टाच्या तारखा सुरू झाल्यावर त्याला जोडूनच 'आपला धाकटा' येऊ लागला. टँकरवाल्याचं पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा मी हातातलं ताट आपटलं होतं. ज्याच्या चाकाखाली माझी मुलगी गेली त्याच्यासाठी ह्या घरात बसून मागणं! बाबा म्हणाले, "अगं, देवाचं प्रेम आपल्या पसंतीनं चालायला लागलं, तर ते देवाचं कसलं? ते आपलंच झालं की." मी म्हटलं, "मग त्या दिवशी कुठे होतं ते?" बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. "ते मी त्याला रोज विचारतो," म्हणाले. "तो सांगत नाही. मीही विचारायचं सोडत नाही." त्यानंतर मी हात जोडले नाहीत. रुसून नव्हे. जोडायला गेले तर ते नुसतेच दोन हात वाटले.

आता खरं लिहायचं ते लिहिते. दोन महिन्यांपूर्वी, एका बुधवारी दुपारी, टँकरवाला दुकानात आला. दोन वर्षांची शिक्षा भोगून सुटलाय. आता गोदामात पोती मोजतो. चिठ्ठीवरचे आकडे चुकतात म्हणून मुकादमानं त्याला जवळच्या चष्म्याच्या दुकानात पिटाळलं होतं. मी एका फ्रेमचा स्क्रू पिळत होते. मान वर केली आणि दोघंही तसेच राहिलो. तो म्हणाला, "ताई, मला ठाऊक नव्हतं हे तुमचं दुकान आहे. जातो मी." मी म्हटलं, "बसा." का म्हटलं कोण जाणे. आलेल्या माणसाला मी बसाच म्हणते.

डोळे तपासायचं काम आता मीच करते, रीतसर शिकून घेतलंय. त्याचा डावा डोळा झाकला. उजव्यानं त्यानं मधल्या ओळीपर्यंत अडखळत वाचलं. मग उजवा झाकून विचारलं, "आता तक्त्यावर काय दिसतं?" तो म्हणाला, "कुठल्या तक्त्यावर?"

धाकट्या, ती डावीकडून आली होती.

मी भिंगं बदलत गेले. उजव्याला अडीच, डाव्याला पाचाच्या वर. रोजच्यासारखेच आकडे टिपून घेतले, त्याचंच मला नंतर भय वाटलं. तो सांगत होता, "मला लहानपणापासून असंच आहे. मला वाटायचं, सगळ्यांचाच एक डोळा कामाचा आणि एक शोभेचा असतो." लायसनच्या वेळी कुणी बघितले नाहीत का डोळे, असं विचारलं. "नाही ना. डॉक्टर निघून गेलेत म्हणाले खिडकीवरचे, आणि सही केलेला कागद हातात दिला. मला वाटलं, माझं नशीब चांगलं." कोर्टातही हे कुणी काढलं नाही. कागदावर डोळे उत्तम म्हणून लिहिलं होतं, मग कोण तपासतो. तो कागद घेऊन या, असं मी त्याला सांगितलं.

आठवड्यानं तो आला. काचा मी स्वतः घासल्या होत्या. चष्मा चढवून तो दारात उभा राहिला, आधी समोर बघत, मग हळूहळू डावीकडे. बराच वेळ तिकडेच बघत होता. "बरंच काही आहे की इकडे," असं म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याला कळलं. तो पायरीवर बसला. चष्मा काढायचंही सुचलं नाही, तसाच तोंड झाकून रडला. मी पाणी दिलं. "माफ करा म्हणायला मला तोंड नाही," म्हणाला. त्यावर एखाद्या चांगल्या बाईनं काहीतरी म्हटलं असतं. मी म्हटलं, "कानामागे टोचलं तर या, सैल करून देईन."

कागद तो ठेवून गेला. दुकान बंद करताना मी उघडला. खाली सही होती. तुझी सही मी ओळखणार नाही का रे? शेवटच्या अक्षराला एवढी लांब शेपूट, की बडबडी म्हणायची, मामाच्या सहीवर पाय पडेल. आणि वर तारीख. जुनी दिनदर्शिका काढून बघितली. गुरुवार होता. गुरुवारी तू डॉक्टर म्हणून कोऱ्या कागदांवर सह्या ठेवून लायसनच्या कचेरीतून लवकर निघायचास, कारण तीनला तिचा पोहण्याचा वर्ग असायचा आणि मामाशिवाय ती पाण्यात उतरायची नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर मी तो कागद बाबांपुढे ठेवला. त्यांनी तो हातातही घेतला नाही. म्हणाले, "पाहिलाय मी. कोर्टात दुसऱ्या तारखेलाच पाहिला." ते एकही तारीख चुकवत नव्हते, आठवतं ना? तीन वर्षं त्यांनी हे पोटात ठेवलं. मला वाटायचं, तू एकटा दूर राहतोस म्हणून प्रार्थनेत तुझं नाव. दोघांचं शेजारी शेजारी का, हे मी कधी विचारलंच नाही. मला का नाही सांगितलंत, म्हटलं तर म्हणाले, "तुझी एक मुलगी गेली होती. त्यात भाऊही कसा नेऊ?" मग कुठे मला कळलं, की तू का येत नाहीस.

मी रात्रंदिवस तुझा राग शोधला. सापडला नाही. माफीही सापडली नाही. जिथे ह्या गोष्टी असतात तिथे हाताला नुसता रिकामा कप्पा लागतो, बस. देव म्हणे तुझ्यावरही तितकंच प्रेम करतो आणि त्या टँकरवाल्यावरही. करत असेल, त्याला जमत असेल. माझं तेवढं बळ नाही. तू तिच्यासाठीच लवकर निघायचास, ह्याचं काय करायचं, ते मात्र त्यानंच मला सांगायला हवं. माझं डोकं तिथे चालत नाही.

हे सगळं लिहायचं कारण असं. परवा डॉक्टर म्हणाले, बाबांचं हृदय आता फार दिवस ओढणार नाही. बाबांनी कुणाला कळवू नका म्हटलंय, म्हणजे तुला. तू लाजेनं येणार नाहीस आणि तुला नकार द्यायला लागेल, हे त्यांना नको आहे. म्हणून मी कळवते. मला सगळं माहीत आहे, तेव्हा आता लपवण्यासाठी दूर राहायची गरज उरलेली नाही. ये. मी तुला जवळ घेईन असं वचन देत नाही. कदाचित दोन शब्दही बोलणार नाही, वाढीन आणि आत निघून जाईन. पण बाबांच्या खोलीत दुसरी खाट टाकली आहे, आणि ती मी टाकली आहे, बाबांनी सांगितलं म्हणून नव्हे.

तुझीच,
ताई