कॅरियरवरची मास्तरीण

आत्याबाई, आज सकाळी पायाला तेल चोळता चोळता तुमची आठवण आली आणि एकटीच हसत बसले.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कारखाना अजून उभा राहत होता, त्याच्या वसाहतीतल्या आमच्या सेक्टरच्या रस्त्यांवर सावली नव्हती, जाळीतली रोपं तेवढी होती. एका रविवारी ह्यांच्या खात्यातली चार बिऱ्हाडं मिळून आम्ही डोंगरगडला, देवीच्या टेकडीवर गेलो. पायऱ्या सोडून खडकांवरून चढायचा हट्ट माझा. उतरताना पाय दगडांत अडकला आणि घोटा मोडला. माझं करायला म्हणून तुम्ही, सासू असून, भंडाऱ्याकडच्या गावाहून आलात. तोवर आपण दोघी एकमेकींशी धड बोललोही नव्हतो. पहिल्याच दिवशी भाजी घेऊन येताना तुम्ही चुकून शेजारच्या मल्याळी बाईंच्या क्वार्टरमध्ये शिरलात, सगळी घरं सारखीच म्हणून, आणि भाषेचा एक शब्द कळत नसताना चहा पिऊन परतलात.

प्लास्टर निघायची मी आतुरतेनं वाट बघत होते. प्राथमिक शाळेत मला नोकरी लागली होती आणि शाळा उघडायला आली होती. पहिल्या दिवशी नेसायचं पातळही इस्त्री करून ठेवलं होतं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाले, हाड सांधलं नाही, पुन्हा प्लास्टर. घरी येऊन मी भिंतीकडे तोंड करून पडले. ह्यांना म्हटलं, शाळेत नाही म्हणून सांगून या. हे चपला घालायला लागले, तशा तुम्ही पिठाच्या हातांनी बाहेर आलात.

"कावून रडून राहिली? पाय मोडला, तोंड तं नाही मोडलं ना? शिकवाले काय पाय लागते?"

"पण शाळेपर्यंत जाऊ कशी, आत्याबाई?"

"मी आहो ना. सायकलीवर नेतो तुले."

तुम्ही आयुष्यात सायकलीला हात लावला नव्हता! त्या संध्याकाळी कॅरियरवर तांदळाचं पोतं बांधून तुम्ही ह्यांची सायकल रस्त्यावर चालवत, म्हणजे हातानं ढकलत, फिरलात. पोतं दोनदा पडलं. तिसऱ्या फेरीला पडलं नाही, तेव्हा फाटकातूनच ओरडलात, "आना आता सुनेले!"

आणि अजून डोळ्यांपुढे दिसतं: काष्टा घट्ट खोचलेल्या तुम्ही, मागे आडवी बसलेली मी, गुडघ्यापर्यंतचा पांढरा पाय पुढे ताठ. कामावर निघालेली माणसं वळून बघताहेत. डोक्यावर टोपली घेतलेली एक म्हातारी तिकडच्या बोलीत, काय झालं गं बाई म्हणून विचारते, "का होगे दाई?" आणि तुम्ही, न थांबता, साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असं सांगता, "मेरी सून मास्तरीण है! शाळा को जाती!" मला लाजेनं मेल्यासारखं होतं, आणि हसू काही आवरत नाही. शाळेच्या मोठ्या बाईंनी आम्हाला बघितलं, हसू लपवायला तोंडावर पदर धरला आणि पायाखाली घ्यायला स्टूल दिलं. मी बसून शिकवायची. तुम्ही व्हरांड्यात तांदूळ निवडत मुलांबरोबर पाढे म्हणायचात, त्यांच्याहून मोठ्यानं, आणि बऱ्याचदा चुकीचे. पावसाळा सरता सरता हाड सांधलं. नोकरी मी निवृत्त होईपर्यंत केली.

हे कागद कुठे धाडणार, कपाटातच राहतील. पण एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. एकदा चिखलात चाक घसरलं, सायकल कलली, माझ्या तोंडून "आई गं!" निघालं. तुम्ही सायकल सावरलीत आणि लगेच म्हणालात, "काय माय? आहो ना मी." त्या दिवशी तुम्ही मल्याळी बाईंपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगत सुटलात की सुनेनं मले आई म्हटलं. आत्याबाई, ती हाक तुम्हाला नव्हती हो. भीतीनं निघाली होती, कुणाच्याही तोंडून निघते तशी. तुमचा चेहरा बघून सांगायचं राहिलं, आणि मग दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम, सायकल सरळ चालली असताना, पुन्हा एकदा "आई" म्हणून बघितलं.

तुम्हाला ऐकू गेलं नाही.